खांद्यावरचा पंचा

१

विमलाआजींनी चष्मा पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि भिंतीवरच्या मोठ्या फोटोकडे बोट करून विचारलं, "ह्यो कोण?"

ओसरीवर जमलेली माणसं खो खो हसली. त्यांचं तरी काय चुकलं? आजींचा मोतीबिंदू नुकताच काढला होता. नव्या नजरेनं नवऱ्याला डोळे भरून पाहता यावं म्हणून नातवानं घरातला त्यांचा एकुलता एक फोटो दाराएवढा मोठा करून घेतला होता. आमोणे गावातली भावकी जमली होती, शिरा झाला होता, आणि आता म्हातारी थट्टा करतेय असंच सगळ्यांना वाटलं.

"आजये, ह्यो आजो. सगुण आजो," नातू निहार म्हणाला.

आजी काठी टेकत फोटोच्या अगदी जवळ गेल्या. बराच वेळ पाहत राहिल्या. मग वळल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर थट्टेचा मागमूस नव्हता.

"ह्यो माजो घोव न्हय."

कोपऱ्यात उभी असलेली स्वाती परब दोन पावलं पुढे आली. डिचोलीच्या बाजारात तिचं छोटं दुकान होतं. जुने फोटो स्कॅन करायचे, डाग काढायचे, चांगल्या कागदावर छापून द्यायचे, हे तिचं काम. हा फोटो तिनंच छापला होता, तिनंच टांगला होता, आणि खरं सांगायचं तर कौतुक ऐकायलाच ती थांबली होती.

"सगुणाची डावी भुवय मधीच तुटलेली," आजी म्हणाल्या. "ल्हान आसताना फातरार पडलेलो. हेची बघ, आखी आसा. आनी खांद्यार ह्यो पंचो खंयचो? म्हापशाक स्टुडिओत गेलेलो, लग्नाचो शर्ट घालून. थंय पंचो घेवन कोण जाता?"

फोटोत डाव्या खांद्यावर खरंच एक पंचा होता, तिरक्या चौकड्यांचा.

जयवंत, आजींचा मुलगा, शाळेतून नुकतेच निवृत्त झालेले मराठीचे मास्तर, खाली मान घालून उभे होते. वडील मांडवी नदीत खनिज वाहणाऱ्या बार्जवरून पडून वारले तेव्हा ते आईच्या पोटात होते. त्यांना विचारून काय उपयोग? निहारनं आतून मूळ तसबीर आणली. जुनी लाकडी चौकट, पोस्टकार्डाएवढा फोटो. तोच चेहरा, अखंड भुवई आणि तोच पंचा.

मग कोणीतरी हळूच म्हणालं, "पिराय जाली गो तिची. साठ वर्सां जाली. विसारली."

आजींनी तसबिरीकडे पाहिलं, माणसांकडे पाहिलं. इतका वेळ ताठ असलेली म्हातारी एकदम खाली बसली.

"म्हणजे मीच विसारलंय?" त्यांनी विचारलं.

२

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आतच सेजलचा फोन आला. सेजल म्हणजे निहारची बायको. तसबीर दुकानात आणून देणारी तीच.

"स्वातीबाय, खरां सांगा. तसबीर चार दीस तुमच्याकडे होती. तुमी त्या मोबाइलातल्या ॲपान तोंड बदललां काय? आनी मग तोच फोटो फ्रेमीत घातलो?"

"मी फ्रेम उघडलीसुद्धा नाही गं! तूच म्हणालीस ना, आजीनं सांगितलंय, उघडू नका?"

"तां खरां," सेजल घुटमळली. "पण आजी काल रातीपासून जेवली ना. भावकीतले तुमचांच नाव घेतत."

गाव लहान. एकदा नाव गेलं की लोक आईबापांचे फोटो कशाला आणून देतील? पण त्याहून जास्त टोचत होतं ते म्हातारीचं तोंड. साठ वर्षं एकच चेहरा जपला, आणि शेवटी घरादारानं मिळून सांगितलं की तोही तुझ्याकडे उरला नाही.

तिनं स्कॅनची फाइल उघडली. काचेवरूनच केलेला स्कॅन, पण चांगल्या बाराशेच्या रिझोल्यूशनचा. बाराशे म्हणजे फोटोच्या एका इंचात यंत्र बाराशे ठिपके टिपतं, मूळ फोटोत जे जे आहे ते सगळं त्यात उतरतं. स्कॅन केला त्या दिवशी लग्नसराईचे अल्बम डोक्यावर होते. इतका जुना फोटो आणि इतका लख्ख, म्हणून ती खूश झाली होती आणि पुढे गेली होती. आता ती चित्र मोठं करत गेली. डोळे. पापण्या. पापणीचा एकेक केस वेगळा मोजता येईल असा. खाली शर्टाची कॉलर मात्र लोण्यासारखी गुळगुळीत, कापडाचा धागा कुठेच नाही. एक बटण तर कॉलरमध्ये विरघळून गेलं होतं.

"असा कुठला कॅमेरा?" ती स्वतःशीच पुटपुटली. "पापणी दिसते आणि बटण दिसत नाही?"

तिनं आणखी मोठं केलं. जुना काळापांढरा फोटो असा वाढवला की शेवटी बारीक वाळू पसरल्यासारखे करडे कण दिसतात. इथे कण नव्हते. इथे निळे, तांबडे, पिवळे ठिपके होते, रांगेत बसवलेले.

रंगीत शाईचे ठिपके! साठ वर्षांपूर्वीच्या काळ्यापांढऱ्या फोटोत?

ती घाईघाईनं पाणी प्यायली. तसबिरीतला फोटो फोटोच नव्हता. आजच्या प्रिंटरवर छापलेला कागद होता तो. तिच्या दुकानात यायच्या आधीच खरा सगुण तिथून गेला होता, आणि हे सांगितलं तर विश्वास ठेवायला जगात एकही माणूस नव्हता. रंगीत प्रिंटर तर तिच्याच दुकानात होता.

३

दुपारी ती आमोण्याला पोचली. आजी खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. शेजारी पेजेचा वाडगा थंडगार झाला होता.

"आजी, मी स्वाती. एकच विचारते. तसबीर उघडू नका असं तुम्ही सांगितलं होतं?"

"मी?" आजी वळल्या. "माका कोण विचारता? मी सांगलेलंय, भितरसून बरी फुसून घेवा म्हणून." मग त्यांचा आवाज बारीक झाला. "सांगलेलंय मगो चेडवा? का तांय विसारलंय?"

स्वातीला भरून आलं. काल घोव, आज स्वतःचे शब्द. आणखी आठवडाभरात या बाईला स्वतःचं नावसुद्धा खरं वाटणार नाही.

"तुम्ही काही विसरला नाही," ती म्हणाली आणि बाहेर आली. म्हणायला म्हटलं खरं, पण सिद्ध कसं करायचं?

स्वयंपाकघरात सेजलला विचारलं, तर ती म्हणाली, "माका निहारान सांगलां, आजयेन सांगलां म्हणून." निहार मोपाच्या विमानतळावर कामाला होता, रजा टाकून घरी बसला होता. तो म्हणाला, "घरात तशें बोलणां जाल्लां. कोण बोल्लो तां आता याद ना."

"निहार, तुझ्या मोबाइलवर फोटो सुधारायची ॲपं आहेत?"

तो कावराबावरा झाला. "आसत. मित्रांचे फोटो करतंय कधीतरी, मिशी लावतंय, म्हातारो करतंय. पण आजयाक हात लावूक ना, स्वातीबाय! माकाच जाय आसलो मोठो फोटो. बाबा तर नाकाच म्हणत होते, मोठो कित्याक, आसा तो बरो आसा म्हणून."

जयवंतसर ओसरीवर आरामखुर्चीत होते. शाळेत मुलांना धाक वाटावा असा त्यांचा आवाज, पण आज त्यांनी तो मुद्दाम खाली ठेवला होता.

"जाऊ द्या, स्वातीबाई. आईचं वय झालंय. तुमचा दोष नाही असं मी भावकीला सांगेन. विषय वाढवू नका."

"सर, मला तसबीर उघडायची आहे."

"कशाला? जुनं लाकूड आहे, मोडेल."

"उगड!" आतून आजींचा आवाज आला. काठीचा आधार घेत त्या दारात येऊन उभ्या होत्या. "उगड चेडवा. काय आसा तां माका बघूंदे."

स्वातीनं तसबीर पालथी घातली. लाकडाच्या खाचेत कुंकवाचा जुना लाल थर बसला होता. वर्षानुवर्षं काचेवर बोटानं कुंकू लावलं की तसा बसतो. काचेच्या कडेला मात्र लालसर रेघही नव्हती. काच नवी होती. मागचे खिळेही चकचकीत. तिनं ते उपसले, पुठ्ठा काढला. आतल्या कागदाची पाठ कोऱ्या वहीसारखी पांढरी होती.

जुना फोटो असता तर पिवळा पडला असता, डागाळला असता.

"म्हणजे फोटो बदललो?" निहार ओरडला. "कोणी? आनी खरो खंय आसा?"

पुठ्ठ्यावर एक छोटं लेबल चिकटवलेलं होतं: शांताराम फ्रेम मेकर्स, म्हापसा बाजार, आणि खाली फोन नंबर.

४

शांतारामला फोन लागला तेव्हा त्याच्या मागे गिऱ्हाइकांचा कलकलाट चालू होता. स्वातीनं चौकटीचं वर्णन केलं.

"जुनी सागवानी, कुकवान तांबडी जाल्ली? याद आसा. गणेशचवथीच्या आदलो शुक्रवार. नवी काच घालून दिली."

"कोण आलं होतं घेऊन?"

"बाये, शुक्रवारच्या बाजारात माका माज्या बायलेचांय तोंड याद रवना! पण एक गजाल याद आसा. लोक काच फुटली म्हणून येतत, नाजाल्यार जुनी काच माकाच उडोवंक सांगतत. ह्या मनशाक विचारलां, जुनी खंय, फुटली? तर म्हणता, फुटूक ना, घरा दवरल्या. म्हटलां, फुटूक ना तर नवी कित्याक? तर गप्प."

स्वाती मोबाइल हातात धरून तशीच उभी राहिली. न फुटलेली काच माणूस का बदलतो? आणि बदलली तर जुनी जपून का ठेवतो?

उत्तर तिला ठाऊक होतं. तिच्या धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. गोव्याच्या दमट हवेत जुना फोटो काचेला चिकटतो. त्यात तसबीर रोज ओल्या फडक्यानं पुसायची, पाणी कडेनं आत झिरपतं. असा फोटो कधी सोडवायचा नसतो, काचेसकटच स्कॅन करायचा. ओढला, की चेहरा काचेवर राहतो आणि हातात येतो भोक पडलेला कागद.

खरा सगुण या घरातच होता. प्रश्न एवढाच की कोणाकडे, आणि त्या माणसानं घाबरून तो अजून टाकून दिला नसेल ना?

"स्वातीबाई," मागून जयवंतसरांनी हाक मारली. "जरा माझ्या खोलीत येता? एकटीच या."

५

घर जुनं होतं. सगळ्या जनेलांना, म्हणजे खिडक्यांना, उभे लाकडी गज. सरांची खोली मात्र मागाहून बांधलेली, तिथल्या जनेलाला लोखंडी ग्रील होती. उन्हं उतरत होती. सरांनी दार लोटलं.

"माझी विनंती आहे, इथेच थांबा. घरात एकमेकांवर संशय घ्यायची वेळ आलीय. निहारवर तुमचा संशय आहे, मला दिसतंय. तो लहान आहे, करून बसला असेल काही."

एकतीस वर्षांच्या बाप्याला लहान म्हणणं एकवेळ ठीक. पण स्वातीचं लक्ष त्यांच्या बोलण्याकडे नव्हतंच. ती लाकडी आल्मारीच्या आरशाकडे पाहत होती. आरशात ग्रील दिसत होती. लोखंडी पट्ट्यांच्या तिरक्या चौकड्या, मधे पांढरा उजेड.

तिनं काही न बोलता तसबीर बाहेरून आणली, फोटो आणि काच पुन्हा बसवली आणि खुर्चीवर टेकवून उभी केली. मोबाइलनं फोटो काढायला वाकल्यासारखी ती वाकली, जरा डावीकडे सरकली. काचेत जनेलाचं प्रतिबिंब पडलं, ते नेमकं सगुणच्या डाव्या खांद्यावर. चौकडी चौकडीवर बसली.

"इकडे या, सर. हा पंचा बघा."

सर आले नाहीत. त्यांनी पाहण्याची गरज नव्हती.

"आजी म्हणतात पंचा नव्हता. खरंच नव्हता," स्वाती म्हणाली. "कोणीतरी या खोलीत, या खुर्चीवर तसबीर ठेवून मोबाइलवर फोटो काढला. काचेत हे जनेल आलं. तो फोटो मोबाइलवरून इकडे तिकडे पाठवताना बारीक झाला, चेहऱ्यात मोजके ठिपके उरले. मग कोणीतरी तो यंत्राला दिला, स्वच्छ कर म्हणून. त्या यंत्राला 'मला माहीत नाही' असं म्हणता येत नाही, सर. ठिपके कमी पडले की हजारो परक्या चेहऱ्यांवरून ते स्वतःच भुवई भरतं, पापण्या काढतं. उजेडाच्या चौकड्या कळल्या नाहीत, तर त्यांचा पंचा केला."

"निहारकडे ती ॲपं आहेत," सर कसेबसे म्हणाले.

"म्हणूनच तो नव्हे. असल्या ॲपनं माणूस कसा बदलतो ते त्याला माहीत आहे, तो स्वतःच मिशा लावतो. आणि ज्यानं खोटा फोटो आत घातला, तो माझ्यासारखीला बोलावून फोटो दाराएवढा कशाला करून घेईल? निहारला मोठा हवा होता. सेजल आपल्या हातानं तसबीर घेऊन आली. या घरात मोठा नको म्हणणारं एकच माणूस होतं. आजींच्या नावावर 'उघडू नका' हा निरोपही त्याच माणसानं सोडला. त्याच माणसाला चेहरा बदललाय हे कळलं नाही, कारण त्यानं वडिलांना कधी पाहिलेलंच नव्हतं."

जयवंत खाटेवर बसले. साठीचा माणूस दोन्ही हातांत तोंड लपवून रडायला लागला.

"चवथीची साफसफाई होती. सगळ्या नातेवाइकांना पाठवावा म्हणून सकाळी मोबाइलवर फोटो घेतला. मग म्हटलं, आतूनही पुसू. कागद काचेला चिकटला होता. मी ओढला." त्यांनी डोळे पुसले. "आईला तेव्हा दिसत नव्हतं. म्हटलं, तिला कळायच्या आत काहीतरी करावं. म्हापशात एका दुकानात मोबाइलवरचा फोटो दिला, त्या पोरानं चहा संपायच्या आत स्वच्छ करून हातात ठेवला. स्वातीबाई, बाबांचे डोळे मी जन्मात पहिल्यांदा पाहिले. पूर्वी आतून धुरकटलेल्या काचेमागे नुसती सावली होती, खांद्यावर पंचा होता की नव्हता तेही कधी कोणाला दिसलं नव्हतं. रोज सकाळी उठून मी त्या माणसाशी बोलत होतो. आणि तो कोणीच नव्हता!"

स्वातीला राग आला होता, तो कुठे गेला तिला कळलं नाही. तरी ती ठाम आवाजात म्हणाली, "तुमच्या गप्प बसण्यानं तुमची आई वेडी ठरतेय, सर. काच कुठे आहे?"

त्यांनी आल्मार उघडली. धोतराच्या घडीतून एक काच काढली, सोबत चेहऱ्याच्या जागी पांढरं भोक पडलेला कागद. काचेवर, बोटाच्या पेराएवढा, एक तरुण मुलगा त्यांच्याकडे पाहत होता. कडेनं बुरशी चढली होती. ती अजून भुवईपर्यंत पोचली नव्हती.

६

जयवंतनी आईला सगळं स्वतः सांगितलं, सगळ्यांसमोर. आजी ऐकत राहिल्या. शेवटी एवढंच म्हणाल्या, "माका येडी करून घातलंस रे." आणि मग, "काच फुटूक दिऊ नुको."

ती काच मांडीवर धरून स्वाती डिचोलीपर्यंत गेली. निहार गाडी इतकी हळू चालवत होता की सायकलवाले पुढे जात होते. दुकानातला नवा पातळ स्कॅनर तिनं बाजूला ठेवला. त्याला नेमकं कागदाला टेकलेलंच दिसतं, काचेच्या जाडीपलीकडचं धूसर येतं. जुन्या जाडजूड स्कॅनरची नजर थोडी खोल असते. तिनं काच त्यावर अलगद ठेवली. ठेवताना काच कडेला किणकिणली तेव्हा निहारनं पटकन हात पुढे केला. आतला दिवा सरकत गेला आणि पडद्यावर करडी वाळू उमटली. वाळूतून भुवई आली, मधेच तुटलेली.

तिनं डाग काढले नाहीत. पापण्या काढल्या नाहीत. जिथे वाळूच नव्हती तिथे रिकामं राहू दिलं.

"दारायेवढो जातलो?" निहारनं विचारलं.

"नाही रे. त्याच्यात जेवढं आहे तेवढाच मोठा होईल. पुढचा सगळा मी बनवलेला असेल."

छापला तो तळहाताएवढा. आजींनी तो दोन्ही हातांत घेतला आणि त्या जनेलापाशी उजेडात गेल्या. जयवंत आईच्या मागे उभे राहून खांद्यावरून बघत होते. ओठ जरा उघडे, कॅमेऱ्याला बुजलेला, नाकाच्या शेंड्यावर घाम. हे आपले वडील, हे त्यांच्या मनाला अजून पटत नव्हतं.

"कितें पिराय आसतली रे ह्याची ह्या फोटोत?" आजींनी विचारलं.

"सव्वीस, आई."

"म्हणजे निहाराच्याकूय ल्हान." त्यांनी फोटोवरून बोट फिरवलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्या हसल्या आणि हसता हसता घाबरल्या. त्यांनी मुलाचा हात घट्ट धरला.

"मी वळाखलंय ह्याका," त्या म्हणाल्या. "पण जयवंता, मी थंय देवाघरा गेलंय काय ह्यो माका वळाखतलो मरे? मी अशी म्हातारी जालंय."